आवाज किती ठेवायचा

बुरेलाच्या बंदरावर धुकं उतरलं की
माझ्या दुकानावरचा हिरवा क्रॉस तेवढा दिसतो,
लुकलुकत, जरासा खरखरत.
वीजवाल्याला तीनदा सांगून झालंय.

मी साबेला. बावीस वर्षं गोळ्या मोजतेय.
हृदयाच्या देताना हसायचे,
साखरेच्या देताना दटावायचे,
आणि एका खणातल्या देताना
पिशवीचं तोंड दोनदा दुमडायचे.
कुणी शिकवलं नव्हतं. हातच तसे वळायचे.

कुप्याचा हंगाम, रांग दारापर्यंत.
मी आतून, शिडीवरून, ओरडले,
"लिथियम कुणाचं? दोरिंदा, तुझंच ना?"
दोरिंदा रोउको, जाळी सांधणारी.
रांगेत पाववाली होती, शाळेचा शिपाई होता,
तिच्या दिराची बायको होती.
इतकं नीटनेटकं गप्प बसणं
मी जन्मात ऐकलं नव्हतं.
तिने पैसे मोजून ठेवले. सुटे. बरोबर.

मग चार महिने ती आली नाही.
बस धरून रिबादेओला जाते म्हणे,
तिथे तिचं नाव कुणाला ठाऊक नाही.
चूक माझी, भाडं तिचं.

शेवटी धक्क्यावर गेले, पांढरा कोट काढून.
बायका पाय पसरून बसलेल्या,
मांडीवर जाळ्याचा निळा ढीग.
दोरिंदाची सुई घर चुकत होती.
एकदा.
पुन्हा.
पुस्तक म्हणतं, या औषधाने हात थोडा कापतो.
हा थोडा नव्हता.

शेजारी बसले. बराच वेळ दोऱ्याचाच भाव विचारला.
मग म्हटलं, पाठ दुखते का गं?
"दुखते की. त्या साध्या गोळ्या घेते, सुजेवरच्या. रोज तीन."
पोट?
"दोन दिवस काही ठरत नाही."
मीठ?
"रक्तदाब म्हणाले, तेव्हापासून बंद."
मीठ बंद. समुद्राच्या तोंडाशी बसून.

रिबादेओतल्या पोराने खोकं पुढे सरकवलं होतं.
तिला हवं होतं तेच दिलं त्याने:
काही न विचारणं.

त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं.
रक्तात लिथियम दुप्पट निघालं.
चार दिवस सलाइन, आणि मी बाहेर बाकावर,
नातेवाईक नसताना.

आता मागच्या खोलीत,
खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांमध्ये,
दोन खुर्च्या टाकल्यात. एकीचा पाय हलतो.
तिथे झोपेचं विचारते, तहानेचं विचारते,
गोळी सोडलीस का, असं नाही,
गोळी तुला काय करते, असं विचारते.
ब्राइस नावाचा पोरगा, बोटीवर स्वयंपाकी,
त्याला विचारलं, मरावंसं वाटतं का कधी?
माझाच घसा कोरडा पडला होता.
तो फरशीकडे बघत म्हणाला,
"आठवड्यापासून."
मी दार लोटलं, फोन उचलला,
डॉक्टर येईपर्यंत आम्ही दोघं
कालबाह्य झालेल्या मलमांच्या तारखा वाचत बसलो.
आता तो तीन महिन्यांच्या गोळ्या नेत नाही.
दर सोमवारी सात नेतो.
कधी सोबत उकडलेला बटाटा आणतो, कागदात गुंडाळून.

काल पुन्हा रांग होती.
मी हळूच खुणावलं, दोरिंदा, आत ये.
ती जागची हलली नाही. खणखणीत म्हणाली,
"लिथियम काढ माझं."
"हळू बोल गं," माझ्याच तोंडून गेलं.
"का? चोरीचं आहे?"

पाववालीने खाकरून
घशाच्या गोळ्यांची किंमत विचारली.
मी सांगितली, चुकीची,
आणि पिशवी दुमडायची राहून गेली.